ब्रिस्टल १९६१: शेवटची रेषा जॉनी ॲलनने ओलांडली, मग विजेता जॅक स्मिथ कसा?

नोंदवही:
छोट्या ओव्हलवरच्या (लंबगोल ट्रॅकवरच्या) स्टॉक कार शर्यतींच्या विजेत्यांचा तक्ता करतोय. ३० जुलै १९६१ ला टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या नव्या ट्रॅकवर पहिली व्हॉलंटियर ५०० झाली, तिथे गाडं अडलंय. विजेता म्हणून जॅक स्मिथचं नाव दिसतं, गाडी पॉन्टिॲक. पण स्मिथने २९० फेऱ्या केल्या आणि उरलेल्या २१० जॉनी ॲलनने. मग 'विजेता' या रकान्यात नाव कोणाचं लिहायचं? स्मिथला उतरावं का लागलं? आणि मध्येच ड्रायव्हर बदलूनही गाडी पहिली कशी राहिली? फेऱ्या वाया गेल्या असणारच की.

हिरवा झेंडा:
नाव स्मिथचंच लिहा. नॅसकारचा, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संघटनेचा, नियम सरळ आहे: हिरवा झेंडा पडताना, म्हणजे शर्यत सुटताना, जो गाडीत असतो, निकाल, गुण आणि विजय त्याच्या खात्यात जातात. पुढे कोणी किती फेऱ्या मारल्या याने फरक पडत नाही. त्या काळी फेऱ्या हाताने मोजायच्या, एकेका गाडीचं कार्ड घेऊन माणूस बसायचा आणि गाडी रेषेवरून गेली की वेळ टिपायचा. मोजणी गाडीच्या नंबराची, आत कोण बसलंय याची नाही. स्मिथच्या गाडीच्या नंबराच्या पाचशे फेऱ्या आधी भरल्या, बस.

ॲलनसाठी मात्र वेगळा 'बदली ड्रायव्हर' असा रकाना जरूर करा. त्याच्या नावावर अधिकृत विजय एकच आहे, १९६२ चा, विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममधला, तोही पाव मैलाच्या ट्रॅकवर. ब्रिस्टलला त्याने दोनशेवर फेऱ्या गाडी सांभाळून आणली, ते काम तक्त्यात कुठेच दिसलं नाही तर तक्ता अपुरा राहील असं माझं स्पष्ट मत आहे.

तळपत्रा:
उतरावं लागलं ते पाय भाजल्यामुळे. त्यात नवल काही नाही, त्या गाड्यांची रचनाच तशी होती.

एक्झॉस्ट पाइप ड्रायव्हरच्या बाजूने फ्लोअरच्या पत्र्याखालून मागे जातो. पाइप आणि पत्रा यांच्यात अंतर कमी असलं की पत्रा तव्यासारखा तापतो. लांब ट्रॅकवर गाडीखालून वारा सतत वाहतो, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर वेग कमी, त्यामुळे वाराही कमी. त्यात जुलै महिना. शिवाय उजव्या पायाची टाच ॲक्सिलरेटरखाली एकाच जागी टेकलेली असते, आणि बँकिंगवर, म्हणजे वळणाच्या तिरक्या उतारावर, गाडी दाबली गेली की टाचेवरचा भारही वाढतो. कातडी तळाचा साधा बूट असेल तर उष्णता हळूहळू आत मुरते. पहिल्या पन्नास फेऱ्यांत काही जाणवत नाही, आणि जाणवायला लागलं की शर्यत संपेपर्यंत कमी होत नाही.

त्या काळातली गाडी ऐतिहासिक शर्यतींसाठी उभी करत असाल तर क्रम असा ठेवा. आधी गळती बंद करा: मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडावरचं पॅकिंग, मग फायरवॉलमधलं (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यातल्या पत्र्यातलं) वायर आणि लिंकेजचं प्रत्येक भोक. तिथून गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, आणि भाजण्यापेक्षा तो जास्त घातक, कारण ड्रायव्हरला कळायच्या आत गुंगी येते. मग पाइपवर पत्र्याची ढाल बसवा, पण ढाल आणि फ्लोअर यांत किमान अर्धा ते एक इंच मोकळी हवा हवी. ढाल फ्लोअरला चिकटवून रिव्हेट मारली तर तिचा उपयोग शून्य, कारण उष्णता थेट पत्र्यातून पत्र्यात जाते. ही चूक फार दिसते. उष्णतारोधक मॅट सगळ्यात शेवटी, आणि बुटाला टाचेची ढाल वेगळी.

ब्रेकचंही तेच. तेव्हा चारही चाकांना ड्रम. दर फेरीला दोनदा ब्रेक धरला तर २९० फेऱ्यांत ५८० वेळा. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खाली बसायला लागतं. मग ड्रायव्हर पेडल पंप करतो आणि पायाचं काम आणखी वाढतं. ४२ गाड्या सुटल्या, त्यांतल्या १९ शेवटपर्यंत टिकल्या.

फेरीमोज्या:
तिसऱ्या शंकेचं गणित. पोलची, म्हणजे पहिली जागा मिळवणाऱ्या पात्रता फेरीची, गती ताशी ७९.२२५ मैल होती, फ्रेड लॉरेन्झनची. अर्ध्या मैलाला म्हणजे सुमारे २२.७ सेकंद. हिरव्या झेंड्यात, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात असताना, पिटमध्ये एक मिनिट गेलं तर अडीच फेऱ्या गेल्या. पिवळ्या झेंड्यात गाड्या मंद चालतात, तोच थांबा निम्म्याहून स्वस्त पडतो. शिवाय १९६१ मध्ये अदलाबदल सोपी होती: खिडकीला जाळी नव्हती, पट्टे मोजके, सीट कोणाच्या मापाची घडवलेली नाही.

आता हेच काम अवघड आहे. जाळी खाली, स्टिअरिंग काढायचं, रेडिओची वायर, हेल्मेटची हवेची नळी, मग पट्टे. आणि नव्या माणसाच्या मापाचं सीटमधलं फोम आधीच तयार हवं. घाईत दोन गोष्टी चुकतात: पट्टा पिळतो, किंवा रेडिओचा प्लग राहतो. म्हणून टीम योग्य वेळेची वाट बघतात. २०१५ ला ब्रिस्टललाच डेनी हॅम्लिनच्या जागी एरिक जोन्स बसला तो पावसाने लाल झेंडा लागून शर्यत थांबलेली असताना. २०१३ ला टॅलाडेगात हॅम्लिन छताच्या झडपेतून बाहेर आला आणि ब्रायन विकर्स आत गेला, तेही पिवळ्यात. तो ट्रॅक २.६६ मैलांचा, तिथे एका मिनिटाला जेमतेम एक फेरी जाते. दोन्ही निकाल हॅम्लिनच्याच नावावर आहेत.

नोंदवही:
आभार, बदलीचा रकाना वाढवला. तक्त्यात सरासरी वेगही आहे, १९६१ साठी ताशी ६८.३७ मैल. आजच्या ब्रिस्टलशेजारी तो आकडा ठेवला तर चालेल?

हिरवा झेंडा:
ठेवू नका, निदान एका ओळीत तरी नको. तेव्हाचा ट्रॅक बरोब्बर अर्ध्या मैलाचा, डांबरी, वळणांचं बँकिंग २२ अंश. १९६९ मध्ये वळणं पुन्हा बांधून बरीच उभी केली, लांबी ०.५३३ मैल झाली, आणि १९९२ मध्ये काँक्रीट आलं. जागा एकच, ट्रॅक वेगळे. १९६९ आणि १९९२ ला रेघ मारून तीन गट करा. आणि ६८.३७ मध्ये पिवळ्या झेंड्याखालचा वेळही मोजलेला आहे, तेव्हा गाडीचा वेग दाखवायचा असेल तर पोलचा आकडा वापरा.