जालो आणि स्लॅशर, नक्की कुणी कुणाचं उचललं?

निशाचर:
काल हॅलोवीन (१९७८), म्हणजे तो एकेकाला भोसकत सुटणाऱ्या खुन्याचा स्लॅशर सिनेमा, परत बघितला तर मित्र म्हणतो हे सगळं इटालियन लोकांनी आधीच करून ठेवलंय, जालो की काय ते. खरंय का? असेल तर सुरुवात कुठून करू?

टॉर्चवाला:
बऱ्यापैकी खरंय. जालो म्हणजे इटालियनमध्ये पिवळा, मोंदादोरी या प्रकाशकाच्या रहस्यकथा १९२९ पासून पिवळ्या कव्हरात यायच्या त्यावरून तिकडच्या खून-रहस्याच्या सिनेमांना हे नाव पडलं. दिग्दर्शक मारिओ बावाचा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (१९६४) बघ, फॅशन हाउसमधल्या मॉडेल्स एकेक करून मारल्या जातात, खुन्याचा चेहरा झाकलेला, हातात काळे मोजे आणि लाइटिंग असलं भारी की खून बघतोय का पेंटिंग तेच कळत नाही. मग त्याचाच 'अ बे ऑफ ब्लड' (१९७१), त्यात पलंगावरच्या जोडप्याला एकाच भाल्यात आरपार... तो सीन 'फ्रायडे द थर्टीन्थ पार्ट टू' (१९८१) मध्ये जवळजवळ जसाच्या तसा आहे!

कट्टर:
सगळं क्रेडिट इटलीला देऊ नका राव. जालोत मुळात 'खुनी कोण' हा प्रश्न, हॅलोवीनमध्ये तर खुनी मायकल मायर्स आहे हे सुरुवातीलाच कळतं. आणि 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) कॅनडाचा आहे, 'सायको' तर अमेरिकेचा, १९६० चा, म्हणजे 'ब्लड अँड ब्लॅक लेस'च्याही आधीचा.

निशाचर:
बरं, आणि तो दुसरा इटालियन दिग्दर्शक अर्जेंतो, त्याचा कुठला बघू?

टॉर्चवाला:
'डीप रेड' (१९७५). गॉब्लिन या बँडचं म्युझिक हेडफोन लावून ऐक. डबिंग विचित्र वाटेल, तिकडे आवाज नंतरच भरायचे, होते सवय. सुरुवातीच्या कॉरिडॉरमध्ये डोळे उघडे ठेव, जास्त सांगत नाही.