टीएवाल्यांना कसली पेन्शन म्हणणाऱ्यांसाठी

घाटमाथा
काल एका ओळखीच्या गृहस्थांनी पोस्ट टाकली. मजकूर असा: टेरिटोरियल आर्मीवाले (टीए, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून लष्करात अर्धवेळ सेवा करणारे) वर्षात दोन महिने वर्दी घालून मिरवतात आणि म्हातारपणी खोकला लागला की लष्कराची अपंगत्व पेन्शन मागतात, करदात्यांनी का पोसायचं? खाली टाळ्यांचा पाऊस. तिथं उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून धागा काढला.

दोन महिने असतात ते ट्रेनिंगचे. एकदा एम्बॉडी केलं, म्हणजे सेवेला बोलावून घेतलं की तो जवान पूर्णवेळ लष्कराचा. आर्मी ॲक्ट तोच, पोस्ट तीच, समोरून येणारी गोळी टीएचा बिल्ला बघून वळत नाही. ६२, ६५, ७१, तिन्ही लढायांत टीए होती. मे २०२५ मध्ये सिंदूरच्या वेळी सरकारनं लष्करप्रमुखांना टीए बोलावायचे अधिकार दिले, ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन एम्बॉडी करायच्या म्हणून. तेव्हा याच गृहस्थांच्या डीपीवर तिरंगा होता.

माझे चुलते साखर कारखान्यात फिटर आणि टीएत नाईक. १९९९ ला बोलावणं आलं, ऑपरेशन रक्षकसाठी, म्हणजे दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी काश्मीर. थंडीत बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब घ्यायची शेगडी पेटवायची आणि दार लावून झोपायचं. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं. तिथंच खोकला लागला, एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन ड्यूटी चालू. सोडायच्या वेळी डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? हो म्हटलं असतं तर मिलिटरी हॉस्पिटल, तपासणीचं मेडिकल बोर्ड, कधी सुटका होईल नेम नाही. इकडे गळीत हंगाम तोंडावर. ‘काही नाही साहेब’ म्हणाले, शेप-वनचा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त असल्याचा शेरा घेऊन घरी आले. वर्षभरात दम्याचं निदान. आता खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. अर्ज केला, दोन ओळींचं उत्तर आलं: आजाराचा सेवेशी संबंध नाही.

१९६१ च्या पेन्शन रेग्युलेशन्समधलं कलम २९२ सरळ सांगतं की वेगळी तरतूद नसेल तिथं टीएच्या माणसाला लष्कराचेच पेन्शनचे नियम. आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिग्नल्सच्या (लष्कराच्या संदेशवहन विभागाच्या) जवानाच्या फिट्सच्या, म्हणजे आकडीच्या केसमध्ये सांगितलं की भरती होताना आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, संबंध नाही हे सरकारनं सिद्ध करायचं. दोन ओळींत झालं का ते सिद्ध?

हिशेबी
काकांबद्दल सहानुभूती आहे. पण भावना बाजूला ठेवा. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, त्यातले १.६० लाख कोटी निव्वळ पेन्शनला. हा पैसा झाडाला लागत नाही.

दुसरं, २०१३ चा निकाल तुम्ही सोयीनं वाचलाय. त्या जवानाला बोर्डानं आजारापायी बाहेर काढलं होतं. तुमचे काका फिट म्हणून सही करून बाहेर पडले.

तिसरं, साखर कारखाना! बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या धुळीनं फुफ्फुसं जातात हे वैद्यकशास्त्राला कधीपासून माहीत आहे, त्या रोगाला नावच बगॅसोसिस. आयुष्यभर ती धूळ खाल्ली त्याचं काही नाही आणि काश्मीरची बुखारी तेवढी दोषी?

सुभेदार रि.
मी रेग्युलर, म्हणजे कायम लष्करातला. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ द्या. आम्ही घरदार सोडून जवानी घालवली, टीएवाल्यांना गावाकडची नोकरी शाबूत. त्यामुळे बरोबरी करू नका.

पण ‘काही तक्रार नाही’चं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं. घरी जायच्या दिवशी कोण सांगतो गुडघा दुखतो म्हणून? आणि याच बोर्डापुढे साहेब लोक बरोबर शुगर, बीपी लिहून घेतात. कॅगनंच काढलंय, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शनचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त. ज्यानं पाठीवर पेटी वाहिली तो शेप-वन आणि ज्यानं एसीत फायली बघितल्या तो डिसेबल. हिशेबी, तुमचा हिशोब तिकडे लावा.

निवृत्त मास्तर
पेन्शनचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाला काय? एनपीएस, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायची नवी पेन्शन! मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सगळा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला, सातव्या दिवशी आश्वासनावर बोळवण. सैनिकाला जुनी पेन्शन चालू आहे, तरी त्यांचेच धागे निघतात. आमदाराला एक टर्म झाली की महिना ५० हजार. बोला.

घाटमाथा
मास्तर, विषय काय, तुम्ही बोलताय काय? इथं आजारी माणसाबद्दल चाललंय.

निवृत्त मास्तर
शिक्षक आजारी पडत नाही वाटतं? जनगणना, निवडणूक, खिचडी, सगळं आम्हीच. खडूच्या भुकटीनं माझा घसा गेलाय, कुठल्या बोर्डापुढे उभा राहू?

पिंपळपार
मास्तर, तुमचा आयडी ‘निवृत्त’ म्हणतो. म्हणजे २००५ च्या आधीचे, जुनी पेन्शन घेऊन बसलात. मग रडताय कशाला?

निवृत्त मास्तर
मुलासाठी! तो २०१० चा आहे. आणि एकेरीवर येऊ नका.

पिंपळपार
एकेरीवर कुठं आलो? ‘रडताय’ म्हटलं, ‘रडतोस’ नाही.

सुभेदार रि.
मास्तर, खडू आणि बुखारी एका तागडीत तोलू नका, डोकं फिरतं. सैनिक एनपीएसच्या बाहेर आहे कारण तो पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. तुम्ही अठ्ठावन्नपर्यंत खुर्चीत.

निवृत्त मास्तर
खुर्चीत? जिल्हा परिषदेच्या शाळेत या एकदा. चौथीपर्यंतचे चार वर्ग, शिक्षक दोन. खुर्ची एकच, तिचाही पाय मोडका.

हिशेबी
बघा, हेच म्हणत होतो. एकाला दिलं की दुसरा रांगेत उभा.

अग्निपथावरचा
तुमची सगळ्यांची भांडणं बघून हसू येतं. माझा भाऊ अग्निवीर. चार वर्षं आणि पेन्शन शून्य. सेवेमुळे शंभर टक्के अपंग झाला तर एकरकमी ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५, ५० टक्क्यांना १५. पन्नासच्या खाली काय? टीएवाल्या काकांकडे भांडायला निदान नियम तरी आहेत.

घाटमाथा
परत मुद्द्यावर येतो. हिशेबी, सहीचं म्हणताय ना? डिसेंबर २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. टीएच्या इकॉलॉजिकल टास्क फोर्सचा (पर्यावरणाचं काम करणाऱ्या तुकडीचा) जवान, रजेवरून युनिटला परतताना अपघात, पाय गुडघ्यापर्यंत कापला, ८० टक्के अपंगत्व. सरकार म्हणालं, भरतीच्या वेळी पेन्शनचे लाभ मिळणार नाहीत हे मान्य असल्याची सही याची आहे. कोर्टानं ती सही बाजूला ठेवली. साधा जवान आणि बलाढ्य सरकार यांच्यात घासाघीस करायची ताकद बरोबरीची नसते म्हणून. आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती गवईंचा निकाल आहे, आणि कलम २९२ चा आधारही त्यातच घेतलाय. ट्रिब्युनलनं, म्हणजे सैन्यदलाच्या न्यायाधिकरणानं त्याला आधी रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

आणि बगॅस. फिटर मिल हाऊसला, ऊस गाळतात तिथं असतो, बगॅस यार्डात नाही. कारखाना आतून बघितलाय का कधी?

हिशेबी
सांगलीत जन्म गेलाय माझा, कारखाने मला शिकवू नका. हंगामात वारा सुटला की कपडे वाळत घालायची सोय नसते, मिल हाऊसला वेगळी हवा येते का?

तो निकालही वेगळाच. तिथं पाय कापलेला डोळ्यांना दिसतो, अपघाताची तारीख आहे. आणि ती सही लाभ सोडल्याची होती. काकांची सही तब्येतीबद्दलची, स्वतःच्या तोंडानं दिलेली माहिती. खोटी होती म्हणायचं का?

घाटमाथा
पुतण्यासमोर चुलत्याला खोटारडा म्हणताय. समोर असता तर

पिंपळपार
वाक्य पुरं करा राव.

स्टेथो
श्वसनाचेच पेशंट बघते म्हणून लिहितेय. दोघंही चुकीच्या दारावर धडका देताय. दमा काश्मीरलाच झाला हे छातीठोकपणे कुणी डॉक्टर सांगू शकणार नाही. पण नियमाला दोन पाय आहेत: आजार सेवेमुळे उद्भवला, किंवा आधीचा आजार सेवेमुळे बळावला. दुसराही पुरतो. समजा बगॅसनं सुरुवात झाली असेल. कोरडी गोठवणारी हवा आणि बंद जागेत रॉकेलचा धूर, एवढ्यावर दमा भडकतो यात वाद नाही.

उशिरा उफाळलेला आजारही, त्याची सुरुवात सेवेत झाल्याचं दाखवता आलं तर, धरता येतो. त्यामुळे शेप-वनच्या शेऱ्यानं सगळं संपत नाही. आणि २१ सप्टेंबर २०२३ चे कडक नियम त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांना, काकांना जुनेच लागतील. सगळा जीव एमआय रूमच्या नोंदीत आहे. सिक रिपोर्टची, म्हणजे आजारपणाच्या नोंदीची एखादी प्रत घरात आहे का?

सुभेदार रि.
डॉक्टर बोलल्या ते योग्य. बोर्ड पुन्हा मागा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज जाऊ दे, युनिटकडे मेडिकल डॉक्युमेंट मागा. नाहीच दिलं तर ट्रिब्युनलचं मुंबई बेंच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, जिंकलात तरी सरकार अपिलात जातं. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिनं सांगितलं होतं की अपंगत्वाची असली अपिलं मागे घ्या. अहवाल कुठल्या कपाटात आहे देव जाणे.

टीएवाल्याला सल्ला देतोय. जमाना बदलला.

घाटमाथा
सुभेदारसाहेब, उपकार. सिक रिपोर्टची एक चिठ्ठी आहे, औषधाचं नाव पुसट झालंय पण शिक्का आणि तारीख दिसते. काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलीय.

हिशेबी
हे आधी लिहायचं ना! कागद आहे म्हणताय तर ‘बळावला’ एवढं मी मान्य करतो. द्या काकांना. देशाची तिजोरी रिकामी झाली तर स्टेथोबाई जबाबदार.

स्टेथो
१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, ५० ला १५ टक्के. नाईकाच्या पगाराचे १५ टक्के काढा आणि १.६० लाख कोटींतून वजा करून दाखवा.

हिशेबी
थेंबे थेंबेच तळं रिकामं होतं, बाई. आणि काका कारखान्याचीही पेन्शन घेत असतील, ते घाटमाथांनी शिताफीनं गाळलंय.

घाटमाथा
घेतात. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची. त्यात किमान पेन्शन महिना एक हजार आहे, काकांची त्याच्या थोडी वर. मशीनच्या लाइट बिलाला पुरत नाही. झाला जीव थंड?

निवृत्त मास्तर
ईपीएस-९५ वर वेगळा धागा काढा. माझा मेहुणा त्यात अडकलाय, मला भरपूर लिहायचंय.