अमिताभचा पडता काळ नेमका कुठून कुठपर्यंत धरायचा? (तक्ता करायचा आहे)

गोदाकाठ (नाशिक)

११ ऑक्टोबरला अमिताभ बच्चन यांचा वाढदिवस. त्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात ४५ मिनिटं बोलायचं ठरलंय. विषय त्यांच्या कारकिर्दीतले चढउतार. सोबत चार फुटी तक्ता लावायचा विचार आहे: मधोमध आडवी रेघ, त्यावर १९६९ पासूनची वर्षं, चाललेले चित्रपट रेघेच्या वर आणि पडलेले खाली.

कच्चा तक्ता काढला, पण त्यातून काही उलगडत नाही. १९८८ मध्ये 'शहेनशाह' वर जातो आणि त्याच डिसेंबरात 'गंगा जमुना सरस्वती' खाली. १९९० चा 'अग्निपथ' खाली, पण राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच. १९९१ चा 'हम' पुन्हा वर. १९९४ चा 'इन्सानियत' कुठे ठेवायचा तेच कळत नाही. पडता काळ १९८८ पासून धरायचा, १९९२ पासून की १९९७ पासून? आणि 'केबीसीनं तारलं' हे वाक्य कितपत खरं?

समोर बसणारी मंडळी विजयानंद, सर्कल, मधुकर या थिएटरांच्या रांगांत उभी राहिलेली आहेत. ढोबळ बोललं तर लगेच पकडतील, म्हणून इथं विचारतोय.

पेटी_आली

तक्ता बिनसतोय कारण तुम्ही प्रदर्शनाचं वर्ष हेच कामाचं वर्ष धरलंय. हिंदी चित्रपट तेव्हा दोन-दोन, चार-चार वर्षं रखडायचे. 'इन्सानियत'चंच बघा. त्यात नूतन आहेत आणि नूतन गेल्या फेब्रुवारी १९९१ मध्ये. म्हणजे १९९४ साली थिएटरात लागलेलं त्यांचं काम निदान तीन वर्षं आधीचं. तो चित्रपट '१९९४ चा अमिताभ' म्हणून दाखवलात तर एक खोटा बिंदू तयार होतो. खरी परिस्थिती अशी की 'खुदा गवाह' (मे १९९२) नंतर ते थांबले आणि नायक म्हणून परतले ते थेट 'मृत्युदाता'मध्ये (एप्रिल १९९७). मधली पाच वर्षं तक्त्यावर कोरीच ठेवा. ती उतरण नव्हे, ती सुट्टी आहे. 'इन्सानियत' पोकळ गोलानं दाखवा.

१९८७ चंही तसंच. त्या वर्षी नायक म्हणून त्यांचा एकही नवा चित्रपट नाही, पण ते पडलेले नव्हते, खासदार होते. डिसेंबर १९८४ ला अलाहाबादहून हेमवतीनंदन बहुगुणांना हरवून निवडून आले आणि बोफोर्सच्या गदारोळात जुलै १९८७ ला राजीनामा दिला. हा पट्टा वेगळ्या रंगानं रंगवा.

आता 'चालला' आणि 'पडला' कशावरून ठरवणार? इंटरनेटवरचे आकडे उचलताना तीन गोष्टींची गल्लत होते. ग्रॉस म्हणजे तिकीटविक्रीची एकूण रक्कम. त्यातून तेव्हाचा करमणूक कर वजा केला की नेट. नेटमधून थिएटरभाडं गेलं की उरतो तो वितरकाचा शेअर. एका चित्रपटाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा शेअर शेजारी ठेवला की सगळा हिशेब चुकतो. १९७५ चे आणि २००० चे रुपये एकाच पट्टीवर मांडणंही तसंच.

शिवाय वितरक एमजीवर चित्रपट घ्यायचा, म्हणजे ठरलेली रक्कम निर्मात्याला आधीच मोजायची. ती वसूल झाली नाही तर तोटा वितरकाचा. म्हणून पहिल्या आठवड्यात हाऊसफुल्लचा बोर्ड लागूनही चित्रपट 'पडला' असं व्यापारात म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमिताभचे चित्रपट विकले जायचे चढ्या भावानं. गर्दी अगदीच आटली असं नाही, पण तेवढ्या भावाला पुरेल एवढी राहिली नाही. तुमच्या श्रोत्यांना सुरुवातीची गर्दी आठवत असणार, म्हणून त्यांना तो चित्रपट हिट वाटतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

भागाभागाचा फरकही सांगा. वितरणाचे विभाग म्हणजे सर्किटं. नाशिक मुंबई सर्किटमध्ये, येवला ओलांडून वैजापूरला गेलं की मराठवाडा, तो निझाम सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये. एकच चित्रपट एका सर्किटमध्ये पैसे काढायचा आणि शेजारच्यात बुडायचा. प्रिंटाही मोजक्या, त्यामुळे मुंबईत लागलेल्या चित्रपटाची पेटी तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत महिने जात. 'आमच्याकडे तर वर्षभरानं लागला होता' असं कुणी म्हणालं तर खोडू नका.

तिसरी_घंटा

पेटीवाल्या दादांचं व्यापाराचं गणित पटलं. पण घसरणीची सुरुवात मी डिसेंबर १९८८ ला धरणार नाही. तिकीटखिडकीवर ती तेव्हा दिसली. मूळ सहा-सात वर्षं मागे, लेखनात आहे.

'जंजीर' (मे १९७३), 'दीवार' (जानेवारी १९७५), 'शोले' (ऑगस्ट १९७५), 'त्रिशूल' आणि 'डॉन' (दोन्ही १९७८), 'काला पत्थर' (१९७९), 'शक्ती' (१९८२). हे सगळे सलीम-जावेद यांनी लिहिलेले. ऐंशीच्या सुरुवातीला ही जोडी फुटली. या पटकथांत नायकाच्या रागाला कारण असतं आणि ते आपल्याला आधी दाखवलेलं असतं. 'जंजीर'मधला पोलीस ठाण्यातला प्रसंग आठवा. शेरखान खुर्ची ओढून बसायला जातो आणि इन्स्पेक्टर विजय ती लाथेनं उडवतो. तोवर त्या विजयला लहानपणी आईबापाचा खून बघताना आपण पाहिलेलं असतं, झोपेतून दचकून उठतानाही. म्हणून ती लाथ खरी वाटते. नंतरच्या बऱ्याच चित्रपटांत लाथ उरली, कारण गेलं. 'तूफान' आणि 'जादूगर' हे दोन्ही ऑगस्ट १९८९ चे. एकात चमत्कार करणारा तारणहार, दुसऱ्यात जादूगार. माणूस म्हणून त्याला काय बोचतंय हे दोन्हीकडे हरवलंय. आणि हे चित्रपट परक्यांचे नव्हते. 'जादूगर' प्रकाश मेहरांचा, 'गंगा जमुना सरस्वती' मनमोहन देसाईंचा, 'तूफान' त्यांच्या मुलाचा, केतन देसाईंचा. ज्यांनी अमिताभला घडवलं त्याच घरांतून हे आलं, याचं फार वाईट वाटतं.

त्याच सुमारास बाहेरचं वारंही फिरलं. एप्रिल १९८८ ला 'कयामत से कयामत तक', डिसेंबर १९८९ ला 'मैंने प्यार किया'. विशीतले चेहरे आणि गाण्यांच्या कॅसेटा. आधीच व्हिडिओमुळे घरातली मंडळी थिएटरला जाईनाशी झाली होती, ती या प्रेमकथांनी परत आणली. पन्नाशीकडे झुकलेल्या सूडनायकासाठी नाही आणली.

तब्येतही विसरू नका. २६ जुलै १९८२ ला बंगळुरूला 'कुली'च्या मारामारीत पोटाला जबर मार बसला आणि ब्रीच कँडीत जीव वाचला. चित्रपटात तो क्षण चित्र गोठवून, वर मजकूर देऊन दाखवलाय. पुढे मायस्थेनिया ग्रेव्हिस निघाला. स्नायू थकवणारा आजार. मारामारी हाच ज्याच्या चित्रपटांचा कणा, त्याच्यावर याचा परिणाम न होता कसा?

'अग्निपथ' मात्र पडलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकू नका. धंदा नाही झाला, पण या सगळ्या वर्षांत नटानं स्वतःला बदलायचा सर्वांत मोठा प्रयत्न केला तो तिथेच. त्याला वेगळी खूण हवी.

जमाखर्च

१९९५ नंतरच्या भागात दोन वेगळ्या वह्या लागतील, नटाची एक आणि कंपनीची एक. बहुतेक लेखांत दोन्ही एकत्र होतात आणि 'चित्रपट पडले म्हणून कर्ज झालं' असं निघतं. क्रम तसा नाही.

एबीसीएल ही अमिताभची कंपनी १९९५ मध्ये उभी राहिली. निर्मिती, वितरण, कलाकारांचं व्यवस्थापन, कार्यक्रमांचं आयोजन हे सगळं एकदम, एकाच छपराखाली. सुरुवात वाईट नव्हती. 'बॉम्बे' चित्रपटाचं हिंदी वितरण केलं, १९९६ चा 'तेरे मेरे सपने' नवे चेहरे घेऊनही चालला; अर्शद वारसी त्यातूनच आला. अडचण अशी की पगार, कचेऱ्या, व्याज हे दरमहा जातं आणि चित्रपटाचे पैसे येतात वर्षा-दीड वर्षानं. हातात खेळतं भांडवल नसेल तर दोन हिटसुद्धा पुरत नाहीत. त्यात नोव्हेंबर १९९६ ची बंगळुरूची मिस वर्ल्ड स्पर्धा तोट्यात गेली. म्हणजे 'मृत्युदाता' लागण्याच्या पाच महिने आधीच कंपनी अडचणीत होती. त्या चित्रपटानं घाव मोठा केला, पहिला घाव त्याचा नव्हे.

पुढे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, बीआयएफआरकडे गेलं. कर्ज ९० कोटींच्या आसपास आणि ५५ खटले, हे आकडे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेले आहेत, ते तुम्ही वापरू शकता. देणी त्यांनी फेडली, ती पुढच्या वर्षांत चित्रपट, टीव्ही आणि जाहिराती करून.

गोदाकाठ (नाशिक)

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. 'सूर्यवंशम' पडला हे मंडळात कुणाला पटणार नाही, घरोघरी पाठ आहे तो. आणि 'जंजीरच्या आधी ओळीनं बारा फ्लॉप' हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य घ्यायचं का?

पेटी_आली

बारा ओळीनं हे चूक. 'आनंद' (१९७१) गाजला आणि सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) चालला. पडलेले खूप होते हे खरं: 'बंसी बिरजू', 'एक नजर', 'रास्ते का पत्थर', 'बंधे हाथ'. पण सलग नाहीत. त्या काळातली सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: 'भुवन शोम'मध्ये (१९६९) नुसता निवेदनाचा आवाज, आणि 'रेश्मा और शेरा'मध्ये (१९७१) भूमिका मुक्याची.

'सूर्यवंशम' मे १९९९ चा. थिएटरात चालला नाही. तुमच्या मंडळींनी तो पाहिलाय टीव्हीवर, पुनःपुन्हा. तक्त्यावर रेघेच्या खालीच ठेवा आणि शेजारी टीव्हीची खूण काढा. थिएटर आणि टीव्ही या दोन वेगळ्या पेट्या आहेत.

तिसरी_घंटा

'सूर्यवंशम'मध्येच केबीसीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्यात दुहेरी भूमिका आहे, बाप आणि मुलगा. मुलाच्या भूमिकेत ५६ वर्षांचा माणूस तरुण दिसायची धडपड करतोय, आणि बाप भानुप्रताप नुसता उभा राहिला तरी पडदा भरतो. पुढची वाट ती होती. 'बडे मियाँ छोटे मियाँ' (ऑक्टोबर १९९८) चालला, पण तिथे गोविंदा सोबतीला होता आणि पुढे जाईल अशी ती वाट नव्हती.

केबीसी सुरू झाली ३ जुलै २००० ला, सोमवारी रात्री ९ वाजता. 'मोहब्बतें' लागला २७ ऑक्टोबरला. अंतर चार महिन्यांचंही नाही. केबीसीनं चेहरा आठवड्यातून चार रात्री घरात आणला, आणि तिथे तो आदरानं बोलणारा, समोरच्याला पाणी विचारणारा वडीलधारा होता. त्याच ऑक्टोबरात आपला हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला आणि तो महाराष्ट्राच्या घरातला विषय झाला. पण भूमिका दिली 'मोहब्बतें'नं. यश चोप्रांकडे काम मागायला ते स्वतः गेले होते. प्रेमकथा इतरांच्या, हा कडक नारायण शंकर. पुढचे 'कभी खुशी कभी गम', 'बागबान', 'खाकी', 'ब्लॅक', 'सरकार' सगळे वयाला धरून. नुसत्या केबीसीवर हे उभं राहिलं नसतं. २००७ चा 'राम गोपाल वर्मा की आग' सपशेल पडला, तरी काही हललं नाही, कारण आता सगळा भार एका चित्रपटावर नव्हता.

जमाखर्च

तक्त्याच्या मापाबद्दल. चार फुटांत १९६९ पासून आजवर आणलं तर वर्षाला दोन सेंटिमीटरच मिळतात. १९७८ सारख्या वर्षाची नावं त्यात मावत नाहीत. ज्येष्ठांना दहा फुटांवरून वाचायला अक्षर निदान इंचभर हवं. त्यापेक्षा २२ बाय २८ इंचांच्या तीन कार्डशीट घ्या आणि आडव्या लावा: १९६९ ते १९७६, १९८२ ते १९९२, १९९५ ते २००१. मधल्या शीटवर अकरा वर्षं येतात, म्हणजे वर्षाला सहा सेंटिमीटरांहून जास्त. तीन पडझडींची कारणंच वेगळी (पहिल्यात नवखेपण, दुसऱ्यात साचा, तिसऱ्यात कर्ज), तेव्हा शीटही वेगळ्याच बऱ्या. एका शीटवर सात-आठ नावांच्या वर जाऊ नका. वेळ दहा, पंधरा, पंधरा मिनिटं. उरलेली पाच प्रश्नांना.

फाळके पुरस्कार चौथ्या शीटचा विषय नाही, तोंडी सांगा. तो पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, 'सात हिंदुस्तानी'च्याच वर्षी. अमिताभना २०१८ चा मिळाला, डिसेंबर २०१९ मध्ये. फाळके त्र्यंबकचे, हे तुमच्या श्रोत्यांना सांगायला नकोच.

तिसरी_घंटा

'अग्निपथ'चा तुकडा ऐकवणार असाल तर सभागृहातल्या स्पीकरवर आदल्या दिवशी वाजवून बघा. तो मुद्दाम खर्जात लावलेला घोगरा आवाज आहे. १९९० मध्ये अनेक प्रेक्षकांना थिएटरचं यंत्रच बिघडलंय असं वाटलं होतं. लहान ब्लूटूथ स्पीकरवर तो फाटतो आणि शब्द कळत नाहीत. बेस कमी करा, आवाज मध्यम ठेवा आणि तुकडा दीड मिनिटाच्या वर नको. त्याच्या लगेच आधी 'भुवन शोम'चं निवेदन लावा, मग एकवीस वर्षांत त्याच आवाजाचं काय काय झालं ते मंडळींना कानांनी कळेल.