आजोबांचा बाप्तिस्मा नेमका कोणत्या कॅथेड्रलमध्ये?

प्रश्न (गिरगावची नात):
नमस्कार. आमचे घराणे मूळ मुंबईतल्या कावेलचे, ईस्ट इंडियन (इथले मूळचे कॅथलिक). आजोबांचा जन्म 1911 च्या सुमारास झाला आणि लग्न 1937 मध्ये भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमध्ये झाले. "बाबांचा बाप्तिस्मा कॅथेड्रलमध्ये झाला होता," असे माझी आत्या नेहमी सांगत असे. त्यावर विसंबून मी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये चौकशी केली. तिथल्या सेवकांनी 1909 ते 1913 या काळाच्या वह्या माझ्यासाठी आपुलकीने चाळल्या, पण नोंद सापडली नाही. पणजोबा-पणजीची नावे कागदावर पाहण्याची माझी फार इच्छा आहे. आत्याची आठवण चुकीची धरावी, की मीच चुकीच्या ठिकाणी शोधते आहे?

उत्तर (जुनी वही):
आत्याबाईंची आठवण बहुधा बरोबर आहे. काळानुसार बदलला आहे तो कॅथेड्रल या शब्दाचा पत्ता. होली नेमची इमारत 1905 ची असली, तरी कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, हा मान तिला पुढे मिळाला. आजोबांच्या बालपणी कॅथलिकांचे कॅथेड्रल म्हणजे भुलेश्वरचे अवर लेडी ऑफ होप, आणि कावेलच्या कुटुंबासाठी ते अगदी दारातले चर्च होते. फोर्टमधले सेंट थॉमस 1718 पासूनचे आणि 1837 पासून कॅथेड्रल आहे खरे, परंतु त्या काळी ते अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे, कॅथलिक नसलेले) असल्याने तुमच्या शोधात ते शेवटी यावे.

चर्च हलले किंवा बंद झाले, तरी त्याच्या नोंदवह्या ज्या चर्चकडे त्याचा कारभार गेला त्याच्याकडे किंवा धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात जायला हव्यात. म्हणून आर्चबिशप हाउसला, म्हणजे धर्मप्रांताच्या कार्यालयाला, पत्र लिहून भुलेश्वरच्या वह्या आज कोणाकडे आहेत, एवढेच आधी विचारा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईत 1794 पासून 1928 पर्यंत पोर्तुगीज पाद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची) आणि रोमची प्रोपागांडा (पोपच्या धर्मप्रसार खात्याची) अशा चर्चच्या दोन अधिकारकक्षा शेजारी शेजारी नांदत होत्या, त्यामुळे एकाच गल्लीतली दोन भावंडे वेगवेगळ्या चर्चच्या वह्यांत सापडणे अशक्य नाही.

उत्तर (चिंबईकर):
मी उलट्या दिशेने जायला सुचवीन, कारण माझ्या आजीची नोंद मला तशीच मिळाली. चर्चमध्ये लग्न लावण्यापूर्वी वधूवरांकडून बाप्तिस्म्याचा दाखला घेतला जातो. तेव्हा ग्लोरियाच्या 1937 च्या लग्नाच्या वहीत, किंवा त्या लग्नाची कागदपत्रे जपली असतील तर त्यांत, आजोबांचा बाप्तिस्मा कोठे झाला हे लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय 1908 पासून अमलात आलेल्या नियमानुसार ज्या चर्चमध्ये लग्न झाले, तेथील धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचे आणि मूळ नोंदीच्या समासात लग्नाचा शेरा मारायचा, अशी पद्धत आहे. तो शेरा सापडला, तर समोरची नोंद आपल्याच माणसाची आहे याबद्दल शंका उरत नाही. आपल्या समाजात एकाच आडनावाची, एकाच नावाची चार-चार मुले एका वर्षात असतात आणि पोर्तुगीज आडनाव सारखे असले म्हणजे नाते असतेच असे नाही, म्हणून मला हा समास मजकुराइतकाच मोलाचा वाटतो. धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे) यांची नावेही जरूर उतरवून घ्या. ते पुष्कळदा मामा, आत्या किंवा काका असतात आणि पुढच्या शोधाचे दार तिथूनच उघडते.

उत्तर (लॅटिनचे विद्यार्थी):
त्या काळच्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात, म्हणून वाचनाविषयी थोडे सांगतो. जॉन तिथे जोआन्नेस होतो, तर याकोबुस म्हणजे जेम्स, जेकब किंवा दिओगो यांपैकी कोणीही असू शकतो. वडिलांचे नाव षष्ठी विभक्तीत येते, त्यामुळे "फिलिउस याकोबी" हे आडनाव समजू नये. त्याचा अर्थ याकोबुसचा मुलगा. महिन्यांतही फसगत होते: 7 हा आकडा घालून केलेले संक्षिप्त रूप (जसे 7ber) जुलैचे नसून सप्टेंबरचे असते, आणि 8 घातलेले ऑक्टोबरचे. सूची आडनावाऐवजी बाप्तिस्म्याच्या नावाने लावलेली असेल, तर आडनाव शोधणाऱ्याला नोंद नाहीच असे वाटते. कुलाब्यात कोणत्या पद्धतीने शोध झाला होता?

प्रश्नकर्ती (गिरगावची नात):
आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुलाब्यात आडनावानेच शोधले होते, पण आता पहिला फेरा ग्लोरियाचा. रविवारच्या मिस्सेनंतर तेथील धर्मगुरूंना भेटते. आत्याच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात आजोबांच्या धर्ममातेचे नाव लिहिलेले आज सापडले. ते पणजीच्या धाकट्या बहिणीचे आहे.