अनुभव धागा : 'भटक्या' कुणाला म्हणता तुम्ही?

सह्याद्रीत गडकोट फिरणारा स्वतःला कौतुकानं भटक्या म्हणवून घेतो, पालात राहणाऱ्यालाही तोच शब्द आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा भटकीच. भटक्या, फिरस्ता, बेघर, भणंग... तुमच्याकडं कोण कुणाला काय म्हणतं? ऐकलेलं, पाहिलेलं लिहा.

राजारामपुरी : वडील औषध कंपनीत एमआर, कायम गडहिंग्लज, निपाणी, आजरा. आज्जी सगळ्यांना सांगायची, पोरगं फिरस्तीवर असतंय. आणि दारात कोण बोचकं घेऊन आलं की तीच म्हणायची, कोण फिरस्ता आलाय बघ, कडी लाव. तेव्हापास्नं हे डोक्यात बसलंय.

कागलजवळून : आम्ही घिसाडी. आजोबा गाडीवर भाता-ऐरण टाकून गावोगाव फिरायचे, कुळवाची पास, नांगराचा फाळ शेवटून म्हणजे ठोकून धार काढून द्यायचे, सुगीत शेतकरी वाट बघत असायचा. त्या माणसाला भटक्या म्हणजे रिकामा कसं म्हणायचं सांगा. दाखल्यावर आमच्यापुढं 'भटक्या जमाती (ब)' लागतं, त्याचं मला काही वाटत नाही, त्याच्यावर पोरं शिकली. पण दाखला काढायला गेलो की २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी कुठं राहत होता त्याचा पुरावा मागतात. अहो जो माणूस दर पंधरवड्याला पाल हलवत होता त्याच्याकडं कुठल्या गावचा उतारा असणार? शेवटी एका चुलत्याच्या शाळेच्या दाखल्यावर निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही.

कसबा बावडा : शाहू महाराजांनी १९१८ ला कोल्हापूर संस्थानात 'गुन्हेगार' ठरवलेल्या जातींना द्यावी लागणारी हजेरी बंद केली, हे पोरांना आवर्जून सांगते. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मात्र १९५२ ला गेला. त्या कायद्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे 'विमुक्त', शब्द तिथला आहे. आमच्या आळीत अजूनही चोरी झाली की पहिलं बोट पालाकडं जातं, फार चीड येते.

शिरोळ : ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की लोक 'बेघर' म्हणतात. खोपीत राहत्यात म्हणून काय झालं, बीडला घरदार हाय त्यांना.

शाहूपुरी : स्टँडवर झोपणारे एक काका हॉटेलात भांडी घासतात, कमावून खातात. १९५९ च्या भीक प्रतिबंध कायद्यात उघड उपजीविका नसताना सार्वजनिक जागी भटकणारा सुद्धा भिकाऱ्यातच मोडू शकतो, म्हणून पोलीस आले की ते आधी हॉटेलमालकाचा नंबर दाखवतात. त्यांना बेघर म्हणा, भिकारी नको.