सिंथेटिक बायॉलॉजी : संश्लेषी, कृत्रिम की आणखी काही?

मैना : बारावीच्या मुलांसाठी सिंथेटिक बायॉलॉजीवर, म्हणजे सजीवांचा डीएनए आखून घडवण्याच्या शास्त्रावर, लेख लिहिते आहे. 'संश्लेषी जीवशास्त्र' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'कृत्रिम' केलं. २०१० साली अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या गटाने संगणकातल्या क्रमावरून सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, जुळवून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत घातला. ती पेशी वाढली, विभागली. तिला कृत्रिम कसं म्हणू?

गोठेकरी : ताई, आमच्याकडे गायीला 'कृत्रिम रेतन' करतात. वासराला कोणी कृत्रिम म्हणत नाही, कृत्रिम असते ती रीत. संपादकांचं बरोबर आहे.

धातुपाठ : 'कृत्रिम' मूळ 'कृ'पासून, म्हणजे केलेलं. खोटेपणा मागाहून चिकटला. पण 'श्लिष्' म्हणजेच जोडणं, बिलगणं. हजारभर तुकडे यीस्टच्या पेशीत सांधून तो जीनोम झाला, म्हणून संश्लेषीच नेमका.

रानवाट : नेमका, पण कोणासाठी? मुलांना प्रकाशसंश्लेषणच आठवणार. 'घडीव' म्हणा. घडीव दगड, घडीव जीव.

धातुपाठ : 'घडीव जीव' चालेल. 'घडीव जीवशास्त्र' म्हटलं की शास्त्रच घडवलेलं वाटतं. 'कृत्रिम'चीही हीच अडचण, गोठेकरी.

की-बोर्ड : मला वेगळंच अडलंय. 'सेलो' नावाची आज्ञावली २०१६ मध्ये आली. वेरिलॉगमध्ये, म्हणजे चिप आखायच्या भाषेत, वर्तन लिहून द्यायचं, ती ई. कोलाय या जिवाणूसाठी डीएनएचा क्रम काढून देते. या 'कंपाइल'ला काय म्हणायचं? 'संकलन' म्हटलं की चित्रपट डोळ्यांपुढे येतो. आणि 'जेनेटिक सर्किट', म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांची जोडणी, म्हणजे जनुकीय परिपथ ना?

रानवाट : आम्ही शाळेत 'विद्युतमंडल' शिकलो. परिपथ कुठून आला?

की-बोर्ड : आम्ही परिपथच शिकलो. मंडल म्हटलं की मला गणेश मंडळ दिसतं.

जुना खिळा : मी ३० वर्षं मुद्रितशोधन केलं. मैनाताईंनी सांगितलेल्या त्याच कामात एका अत्यावश्यक जनुकातलं एकच अक्षर गळालं होतं, आणि कित्येक आठवडे पेशी जगेना. वाचताना अंगावर काटा आला. आमच्या छापखान्यात याला मुद्राराक्षस म्हणत. जीनोमच्या चुकीलाही हाच शब्द द्या.

गोठेकरी : काका, हा शब्द मुलांना पहिल्या वाचनात कळेल.

धातुपाठ : छापलेलंच नाही तिथे 'मुद्रा' कुठली?

जुना खिळा : क्रम संगणकात टंकलेलाच होता की! आणि जीनोमच्या बाबतीत तुम्ही सगळे 'अक्षर' म्हणताच आहात.

मैना : म्हणजे 'अक्षर' ठेवते. शीर्षकाचं काय करू?

रानवाट : आधी मंडल की परिपथ ते ठरवा, लेखात सर्किट येणारच.