एकाच पिशवीत दोन्ही बाळं, कुणाला अनुभव आहे का?

सोनोग्राफीत कळलं की जुळी आहेत आणि दोघांची वार (प्लासेंटा) पण एक आणि पाण्याची पिशवी पण एकच, मधे पडदाच नाही. डॉक्टर म्हणाल्या मोनोअम्नियॉटिक, खूप रेअर असतं, नाळा एकमेकींत अडकू शकतात. तेव्हापासून झोप नाही. पुढे काय काय होतं, प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी घट्ट मिठी. माझ्या बहिणीचं हेच होतं. अडकलेल्या नाळा तर स्कॅनमधे जवळजवळ सगळ्याच अशा केसेसमधे दिसतात, तेवढ्यावरून घाबरू नकोस, नाळ दाबली जाऊन रक्तपुरवठा कमी होतोय का हे महत्त्वाचं, म्हणून तिला सातव्या महिन्यात ॲडमिट करून रोज बाळांचे ठोके बघायचे. मुली आता शाळेत जातात.

प्रतिसाद २:
मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स आहे. सिझेरियन साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत करतात, त्याआधी बाळांच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं. वार एकच असल्याने एका बाळाकडे रक्त जास्त जातंय का हेही बघावं लागतं, १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी स्कॅन, एकही चुकवू नका. फीटल मेडिसिनचे (पोटातल्या बाळांचे तज्ज्ञ) डॉक्टर आणि चांगलं एनआयसीयू असलेलं हॉस्पिटल आत्ताच ठरवा, ऐनवेळी नको.

प्रतिसाद १:
हो, आणि हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता लगेच जा. रात्र असली तरी.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार गं. एनआयसीयूचं उद्याच विचारते.